ठणका, पू आणि ताप : जिवाणू आत शिरल्यावर शरीर काय करतं

बोटात काटा रुततो. काढून टाकला, हात धुतला, की आपण विसरूनही जातो. दुसऱ्या दिवशी ती जागा लालबुंद, हात लावला तर गरम, टम्म सुजलेली. रात्री असा ठणका लागतो की डोळ्याला डोळा लागत नाही. तिसऱ्या दिवशी मधोमध पिवळसर तोंड दिसू लागतं. ‘जंतू शिरले, चिघळलं,’ असं आपण म्हणतो. जंतू शिरले हे खरंच आहे. पण ती लाली, ती सूज, तो ठणका आणि तो पू यांतलं बहुतेक सगळं आपल्याच शरीराने केलेलं असतं, आणि बरं होण्यासाठीच केलेलं असतं. ही गोष्ट एकदा लक्षात आली की ताप का येतो, रक्ताच्या रिपोर्टमधले आकडे काय सांगतात, अँटिबायोटिक कुठवर पुरतं, याचा उलगडा आपोआप होत जातो.

मुळात आत शिरणंच सोपं नसतं. त्वचेचा वरचा थर मेलेल्या, चिवट पेशींचा असतो. तो सतत झडतो आणि त्यावर बसलेले जिवाणूही त्याच्याबरोबर झडतात. जठरातलं आम्ल गिळलेल्या जिवाणूंपैकी बहुतेकांचा निकाल लावतं. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस चिकट कफात अडकलेली घाण वर ढकलत राहतात. अश्रू, लाळ, शेंबूड यांत लायसोझाइम नावाचं विकर असतं. ते जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतले दुवे तोडतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांचं नाव पेनिसिलिनशी जोडलेलं आहे, पण त्याच्या सहा वर्षं आधी, १९२२ मध्ये, त्यांनीच या लायसोझाइमचा शोध जाहीर केला होता.

काटा मात्र हा सगळा बंदोबस्त एका क्षणात ओलांडतो. त्याच्या टोकावरचे जिवाणू थेट ओल्या, उबदार, अन्नाने भरलेल्या जागी पोहोचतात. आता प्रश्न वेळेचा असतो. ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. या वेगाने दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून जास्त होतील. शरीरात इतकी मोकळीक त्याला मिळत नाही, पण धोका कसा वाढत जातो हे त्या आकड्यावरून कळतं. उलट, नव्या जिवाणूला नेमकं चिकटणारी प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी तयार व्हायला शरीराला आठवडाभर तरी लागतो. त्या आठवड्यात माणूस जिवंत राहायचा तर आधीपासून तयार असलेलं, कुणाच्याही विरुद्ध चालणारं काहीतरी हवं. ते असतं, आणि काही मिनिटांत कामाला लागतं.

परका ओळखायचा कसा

त्वचेखाली ठिकठिकाणी मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या भक्षक पेशी ठाण मांडून असतात. त्यांना जिवाणूची जात कळत नाही. हा स्टॅफिलोकोकस की स्ट्रेप्टोकोकस, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. जिवाणूंमध्ये सर्रास सापडणारे पण आपल्या पेशी कधीच बनवत नाहीत असे काही रेणू त्या ओळखतात : पेशीभित्तिकेचे तुकडे, काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातली लायपोपॉलिसॅकराइड नावाची शर्करा-मेदाची जोडणी, पोहण्याच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन. हे रेणू जिवाणूला सहजासहजी टाकताही येत नाहीत, कारण त्यांवरच त्याचा जीव किंवा हालचाल अवलंबून असते. म्हणूनच ओळख पटवायला ते इतके भरवशाचे.

असे रेणू ओळखून पकडणारी प्रथिनं, म्हणजे ग्राहक (रिसेप्टर), पेशींवर असली पाहिजेत, हा तर्क चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडला होता. पुरावा मात्र अनपेक्षित ठिकाणाहून आला. १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाला दिसलं की टोल नावाचं जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. दोन वर्षांनी ब्रूस ब्यूटलर यांनी उंदरांमध्ये दाखवलं की लायपोपॉलिसॅकराइड ओळखणारा ग्राहक याच टोलच्या कुळातला आहे. माणसात या कुळातले दहा ग्राहक आहेत. माशी आणि माणूस यांचे रस्ते कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी जिवाणू-बुरशी ओळखायची ही रीत दोघांकडेही टिकून राहिली. माझ्या मते जीवशास्त्रातल्या सर्वांत थक्क करणाऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे. हॉफमन आणि ब्यूटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं.

ग्राहकाला खूण पटली की मॅक्रोफेज सायटोकाइन नावाचे निरोप सोडते. शेजारच्या पेशी हिस्टामिन, प्रोस्टाग्लॅंडिन अशी रसायनं ओततात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं. म्हणून लाली आणि ऊब. वाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींपासून किंचित सुटतात आणि रक्तातला द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज. वाढलेला दाब आणि ही रसायनं मिळून मज्जातंतूंची टोकं हुळहुळी करतात, म्हणून ठणका. तो द्रव झिरपणं फार गरजेचं असतं, कारण एरवी रक्तातच राहणारी उपयोगाची प्रथिनं त्याच्याबरोबर जखमेत उतरतात. त्यांत मुख्य असतात ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनं. ही बहुतांशी यकृतात बनतात, रक्तात सुप्तावस्थेत फिरतात आणि जिवाणूच्या पृष्ठभागावर पडली की एकामागून एक जागी होतात. जिवाणूच्या अंगावर त्यांचा थर बसला की भक्षक पेशींना त्याला पकडणं सोपं जातं. काही जिवाणूंच्या आवरणाला तर ती थेट भोकं पाडतात. या साखळीतली शेवटची प्रथिनं जन्मतःच नसलेल्या माणसांना मेनिंगोकोकस या जिवाणूचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो; त्या एका जिवाणूपुरतं तरी हे भोक पाडणंच निर्णायक असतं.

न्यूट्रोफिलची छोटी कारकीर्द

यानंतर जे घडतं ते मला नेहमी जवळून पाहावंसं वाटतं. रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. अस्थिमज्जा रोज साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल बनवते. त्यांचं आयुष्य तासांत किंवा फार तर थोड्या दिवसांत मोजायचं.

जखमेजवळच्या रक्तवाहिनीची आतली भिंत निरोप मिळताच चिकट होते. रक्तातून वेगाने चाललेलं न्यूट्रोफिल तिला अडखळतं, भिंतीवरून घरंगळत जातं, हळूहळू थांबतं आणि घट्ट चिकटतं. मग स्वतःला चपटं करून ते भिंतीतल्या दोन पेशींच्या फटीतून बाहेर पडतं. आता रस्ता दाखवायला रासायनिक माग असतो. जिवाणू आपल्या प्रथिनांची सुरुवात फॉर्मिल गट जोडलेल्या मिथिओनिनने करतात. आपल्या पेशींच्या द्रवात बनणाऱ्या प्रथिनांत हा गट नसतो. जिवाणू वाढताना असे तुकडे आपसूक सांडत जातात. जिकडे त्यांचं प्रमाण जास्त, तिकडे न्यूट्रोफिल सरकतं.

जिवाणू गाठला की ते त्याला सगळीकडून वेढतं आणि एका पिशवीत बंद करून आत घेतं. त्या पिशवीत विकरांनी भरलेले कण रिकामे होतात. त्याच वेळी न्यूट्रोफिल एकदम भरपूर ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्यापासून सुपरऑक्साइड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. पाण्यात क्लोरीन टाकल्यावर जंतू मारणारा पदार्थ हाच. हे विकर रंगाने हिरवट असतं, आणि पू किंवा घट्ट कफ हिरवट दिसतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. कफ हिरवा झाला म्हणजे जिवाणूच, म्हणून अँटिबायोटिक हवंच, असं अनेकांना वाटतं. पण तो रंग इतकंच सांगतो की तिथे न्यूट्रोफिल भरपूर जमले आहेत. विषाणूंच्या साध्या सर्दीतही ते जमतात.

ऑक्सिजनची ही पायरी किती मोलाची आहे, हे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या दुर्मीळ जन्मजात आजारात कळतं. त्या मुलांच्या न्यूट्रोफिलना जिवाणू गिळता येतात, पण सुपरऑक्साइड बनवणारं विकर बिघडलेलं असल्याने काही ठरावीक जिवाणू आणि बुरशी मारता येत नाहीत. मग गळवं होत राहतात. त्वचेवर, फुफ्फुसात, यकृतात.

भरपूर जिवाणू गिळलेलं न्यूट्रोफिल स्वतःही मरतं. काही न्यूट्रोफिल मरताना आपला डीएनए बाहेर फेकतात आणि त्या चिकट धाग्यांत जिवाणू अडकतात; हा प्रकार २००४ मध्ये लक्षात आला. मेलेले न्यूट्रोफिल, मेलेले-जिवंत जिवाणू आणि विरघळलेली ऊती यांचं मिश्रण म्हणजे पू.

पेशी परक्या वस्तूला गिळतात, हे उघड करणाऱ्या निरीक्षणातही एक काटाच होता. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेस्सिना इथे इल्या मेचनिकॉफ यांनी ताराम‍ाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या होत्या. त्या काळी दुसरा एक पक्ष म्हणत होता की खरं काम रक्तातले विरघळलेले पदार्थ करतात. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि त्या दुसऱ्या बाजूचे पॉल एर्लिख यांना वाटून मिळालं, आणि ते अगदी योग्य झालं. दोघांचंही म्हणणं खरं होतं.

जखम बोटाला, ताप अंगभर

सायटोकाइन जास्त झाले की रक्तात उतरतात आणि साऱ्या शरीराला खबर लागते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लॅंडिन बनतं आणि शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकतं, समजा ३९ अंशांवर. शरीर अजून ३७ वर असतं, त्यामुळे त्याला थंडी वाजते. हुडहुडी भरते, दात वाजतात, पांघरूण पुरत नाही. स्नायूंच्या त्या थरथरीतून उष्णता तयार होते. पॅरासिटामॉल मेंदूतल्या प्रोस्टाग्लॅंडिनला आवर घालतं, ठरलेलं तापमान खाली येतं आणि जास्तीची उष्णता घामावाटे जाते. ताप उतरला याचा अर्थ जिवाणू गेले असा नसतो. गोळीने माणसाला आराम पडतो, संसर्ग आहे तिथेच असतो.

यकृतही आपलं काम बदलतं. ते हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, त्यामुळे लोह पेशींत कोंडलं जातं आणि रक्तातलं लोह घटतं. बहुतेक जिवाणूंना वाढायला लोह लागतं, ते त्यांना मिळू नये म्हणून ही तजवीज. संसर्ग महिनोन्‌महिने रेंगाळला तर याच कारणाने हिमोग्लोबिन कमी होतं. सीआरपी हे प्रथिनही यकृतच बनवतं. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम सापडलं. संसर्ग सुरू झाल्यावर काही तासांत ते वाढायला लागतं, दोनेक दिवसांत शिखर गाठतं आणि कारण दूर झालं की झपाट्याने उतरतं. म्हणून एकदा केलेल्या सीआरपीपेक्षा दोन-तीन दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन चाचण्या जास्त बोलक्या. जिवाणूंशिवाय इतर दाहातही तो वाढतो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

‘काउंट वाढलाय’ म्हणतात तेव्हा बहुधा न्यूट्रोफिल वाढलेले असतात. मागणी फार वाढली की अस्थिमज्जा अर्धवट पिकलेले न्यूट्रोफिलही रक्तात सोडते. रिपोर्टमध्ये त्यांची नोंद ‘बँड’ म्हणून येते. गंभीर आजारात न्यूट्रोफिलचा आकडा उलट खाली गेलेला दिसला तर डॉक्टर जास्त धास्तावतात, कारण खर्च उत्पादनाच्या पुढे गेलेला असतो.

नेमकी प्रतिपिंडं कशी घडतात

इतक्यात जखमेतून डेंड्रायटिक पेशी निघालेल्या असतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये ओळखलेल्या या पेशी जिवाणूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. हाताला जखम झाली की काखेत, पायाला झाली की जांघेत अवधाण येतं ते इथे. ग्रंथीत पेशींची वर्दळ वाढते, त्या भराभर विभागतात आणि ग्रंथी सुजते.

तिथे टी आणि बी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी असतात. प्रत्येक बी पेशीचा ग्राहक वेगळा. जनुकांचे मोजके तुकडे प्रत्येक पेशीत वेगळ्या रीतीने जोडून ही प्रचंड विविधता येते; हे उलगडल्याबद्दल सुसुमु टोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. म्हणजे शरीर जिवाणू पाहून ग्राहक घडवत नाही. ग्राहक आधीच, आंधळेपणाने, असंख्य प्रकारचे बनवलेले असतात. जो जुळतो त्या पेशीला टी पेशीचा दुजोरा मिळतो आणि तिचीच बेसुमार वाढ होते. तिच्या वंशातल्या प्लाझ्मा पेशी मग सेकंदाला हजारोंच्या हिशेबात प्रतिपिंडं सोडतात. आधी आयजीएम, मग जास्त घट्ट चिकटणारी आयजीजी.

प्रतिपिंडं स्वतः सहसा जिवाणू मारत नाहीत. ती विषाला चिकटून ते निकामी करतात, जिवाणूला पेशीवर पाय रोवू देत नाहीत, कॉम्प्लिमेंटला जागं करतात आणि न्यूट्रोफिल-मॅक्रोफेजना पकडायला जागा देतात. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूभोवती शर्करेचं गुळगुळीत कवच असतं. ते भक्षक पेशींच्या हाती लागत नाही, पण त्यावर प्रतिपिंडं बसली की लगेच गिळलं जातं. अशा कवचधारी जिवाणूंना रक्तातून गाळण्याचं मोठं काम प्लीहा करते. ती काढावी लागलेल्या माणसांना न्यूमोकोकसची लस आवर्जून देतात ती यासाठी.

क्षयाच्या जिवाणूपुढे मात्र प्रतिपिंडांची मात्रा फारशी चालत नाही. तो मॅक्रोफेजच्या आतच राहतो आणि गिळलेली पिशवी विकरांच्या पिशवीला मिळू देत नाही. इथे टी पेशीच लागते. ती इंटरफेरॉन-गॅमा हा निरोप सोडून त्या मॅक्रोफेजला चेव आणते. तरीही जिवाणू पूर्ण मरतातच असं नाही. पेशींचा एक गोळा त्यांना वर्षानुवर्षं वेढून ठेवतो. एचआयव्हीमुळे टी पेशी कमी झाल्या, किंवा संधिवातासाठी टीएनएफ या सायटोकाइनला रोखणारी औषधं सुरू झाली, की तो वेढा सैल पडू शकतो आणि दबलेला क्षय उफाळतो. ही औषधं देण्याआधी क्षयाची तपासणी करतात ती यामुळेच.

प्रमाण सुटलं की

बोटाच्या जखमेत रक्तवाहिन्यांनी झिरपणं फायद्याचं असतं. तेच सगळ्या शरीरात एकदम झालं तर रक्तदाब कोसळतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, मूत्रपिंड-फुफ्फुसं बंद पडू लागतात. हे सेप्सिस. यात जिवाणूंइतकाच, काही वेळा त्यांच्याहून जास्त, घात शरीराचा स्वतःचा बेफाम प्रतिसाद करतो. संसर्ग झालेला माणूस असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, लघवी फारच कमी झाली, हातपाय गार पडून त्वचा ठिगळ्या-ठिगळ्यांची दिसू लागली, तर सकाळची वाट पाहायची नसते. तिथे तासातासाला फरक पडतो.

एरवी हे होत नाही, कारण प्रत्येक पायरीला लगाम आहे. न्यूट्रोफिल लवकरच मरतात, मॅक्रोफेज त्यांचे अवशेष गिळतात आणि गिळता गिळता दाह शमवणारे निरोप सोडू लागतात. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या वस्तू पाहिल्या की मला म्हणूनच अस्वस्थ वाटतं. यातलं नेमकं काय वाढवायचं? ताप? सूज? सायटोकाइन? निरोगी प्रतिसादाचं सगळं सौंदर्य वेळेत सुरू होण्यात आणि वेळेत थांबण्यात आहे. पुरेसं पोषण, झोप, मधुमेह आटोक्यात ठेवणं आणि लसीकरण, यांचा उपयोग मात्र निःसंशय आहे. रक्तातली साखर फार काळ चढी राहिली की न्यूट्रोफिलचं सरकणं, गिळणं, मारणं, तिन्ही मंदावतं.

अँटिबायोटिकची जागाही इथेच कळते. पेनिसिलिन जिवाणू मारतं. डॉक्सिसायक्लिन मुख्यतः त्यांची वाढ थांबवतं आणि उरलेलं काम पेशींवर सोडतं. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल जवळपास संपलेल्या रुग्णाला नुसता ताप आला तरी ती आणीबाणी समजतात आणि तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. अशा रुग्णाच्या संसर्गाच्या जागी कित्येकदा लालीही फारशी नसते आणि पूही होत नाही. जिवाणू असतात, वाढत असतात; त्यांची खूण उमटवणाऱ्या पेशीच नसतात. याउलट मोठं गळू भरलं असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. त्याच्या आत रक्तपुरवठा नसतो, औषध पोहोचत नाही. चीर देऊन पू काढावाच लागतो.

आठवण आणि तिचा एक अपवाद

संसर्ग आटोक्यात आल्यावर बहुतेक लिम्फोसाइट मरतात. थोड्या स्मृतिपेशी मागे उरतात. तोच जिवाणू पुन्हा आला तर त्या आठवड्याऐवजी काही दिवसांतच जोरात कामाला लागतात. लस हीच आठवण आजाराविना करून देते. पण दोन वर्षांखालच्या बाळांना जिवाणूच्या शर्करा-कवचाविरुद्ध चांगली प्रतिपिंडं बनवता येत नाहीत, कारण निव्वळ शर्करेला टी पेशी प्रतिसाद देत नाहीत. यावर तोड निघाली ती अशी : शर्करा एका प्रथिनाला जोडून द्यायची. बी पेशी शर्करा ओळखते, प्रथिनाचे तुकडे टी पेशीला दाखवते आणि तिचा दुजोरा मिळवते. हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी हा जिवाणू) आणि न्यूमोकोकस यांच्याविरुद्ध बाळांना दिल्या जाणाऱ्या लसी अशाच जोडलसी आहेत.

धनुर्वात मात्र आठवण मागे ठेवत नाही. त्याचा जिवाणू मातीत असतो, खोल काट्याच्या किंवा खिळ्याच्या जखमेत वाढतो आणि त्याचं विष मज्जातंतूंत शिरतं. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवलं की धनुर्वाताचं विष थोडं थोडं दिलेल्या प्राण्याचं रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवतं. प्रतिपिंडांचा शोध तिथूनच सुरू होतो. पण हे विष इतकं जहाल आहे की जीव घेणारी मात्रासुद्धा रोगप्रतिकारक यंत्रणेच्या नजरेत भरण्याइतकी नसते. त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या माणसाच्या अंगात त्याविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं तयार झालेली नसतात आणि त्याला तो पुन्हा होऊ शकतो. लसीत विष निरुपद्रवी करून, टॉक्सॉइड म्हणून, कितीतरी जास्त प्रमाणात देता येतं. म्हणून असा रुग्ण बरा होत असतानाच त्याला लसीचे डोस सुरू करतात.